एकवीस दिवसांचा दुष्काळ

भोकर (जि. नांदेड) : २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. हवामान खात्याच्या नोंदीनुसार त्या महिन्यात देशात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला. नांदेड जिल्ह्यापुरते पाहिले तर चित्र आणखी विचित्र होते. जुलैच्या उत्तरार्धात मुसळधार पावसाने जिल्ह्यातील नदी-नाले दुथडी भरून वाहिले, शेतांत पाणी साचले, पंचनाम्यांची मागणी सुरू झाली. आणि ते पाणी पुरते ओसरते न ओसरते तोच आभाळ कोरडे पडले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने १५ जिल्ह्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत भोकर नव्हते.

नियमांच्या दृष्टीने त्यात गैर काही झाले, असे म्हणता येणार नाही. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पावसाच्या एकूण तुटीबरोबर खंडाचाही विचार केलेला आहे. परंतु कसोटी लागते ती संपूर्ण तालुक्याला, आणि जुलैमध्ये शेतातून वाहून गेलेले पाणीही पावसाच्या बेरजेत जमा धरले जाते. सोयाबीनच्या झाडाला ही बेरीज करता येत नाही. त्याच्या मुळांच्या आवाक्यात जेवढी ओल शिल्लक आहे, तेवढाच त्याच्या लेखी पाऊस.

नांदेड जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान नऊशे मिलिमीटरच्या आसपास आहे. तेलंगणाच्या सीमेला लागून असलेले भोकर हे मराठवाड्याच्या पूर्वेकडील, तुलनेने खात्रीच्या पावसाच्या पट्ट्यात मोडते. सोलापूर वा अहिल्यानगरच्या अवर्षणप्रवण भागांशी त्याची तुलना केली तर येथील शेतकरी सुदैवीच म्हणावा लागेल. तरीही येथे पीक हातचे जाते. येथील दुष्काळ वर्षाच्या बेरजेत सापडत नाही. तो ऑगस्टमधील तीन आठवड्यांत दडलेला असतो. आणि ज्या पिकावर तालुक्याचे अर्थकारण उभे आहे, ते पीक नेमके त्याच तीन आठवड्यांत सर्वाधिक नाजूक अवस्थेत असते.

कापसाच्या जिल्ह्यात सोयाबीन

एकेकाळी नांदेडची ओळख कापसाची होती. येथील कापूस संशोधन केंद्राने १९८४ मध्ये दिलेल्या ‘नांदेड-४४’ या संकरित वाणाने राज्याबाहेरही नाव कमावले. खरिपात कापसाच्या जोडीला ज्वारी, मूग, उडीद आणि तूर असे. आज भोकरच्या शिवारात जुलैअखेर फेरफटका मारला तर नजर पोहोचेल तेथवर सोयाबीन दिसते. राज्यात सोयाबीनखालील क्षेत्र सुमारे पन्नास लाख हेक्टर झाले असून मराठवाड्याचा त्यात मोठा वाटा आहे.

हे स्थित्यंतर उगाच झालेले नाही. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे ‘जेएस-३३५’ हे वाण १९९४ मध्ये आले आणि शंभर दिवसांच्या आत घरात येणारे, वेचणीची मजुरी नसणारे, मळणीयंत्रातून थेट बाजारात जाणारे पीक शेतकऱ्याच्या हाती लागले. लातूरसारखी मोठी बाजारपेठ जवळ होती. दसरा-दिवाळीला रोख पैसा आणि मोकळ्या झालेल्या रानात हरभरा, हे गणित कापसाला जमणारे नव्हते. मात्र या गणितात एक गोष्ट नजरेआड झाली. पूर्वी एकाच शेतात चार पिके होती आणि त्यांची नाजूक वेळ वेगवेगळी होती. मूग ऑगस्टमध्येच निघे, ज्वारी थांबून राही, तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी असे. पावसाचा एक खंड चारही पिकांना एकाच वेळी गाठू शकत नसे. आता साऱ्या तालुक्यात एकच पीक, एकाच आठवड्यात पेरलेले, एकाच आठवड्यात फुललेले असते. पावसाने दगा दिला तर तो सर्वांना एकदमच देतो.

झाड काय करते?

पाऊस थांबून आठ-दहा दिवस झाले की भर दुपारी सोयाबीनच्या शेताचा रंग पालटतो. पानांची वरची गर्द हिरवी बाजू दिसेनाशी होते आणि खालची फिकट, रुपेरी झाक असलेली बाजू वर येते. लांबून पाहणाऱ्याला पीक सुकले असे वाटते. वास्तविक ती झाडाची पहिली बचावात्मक हालचाल असते. पाने उन्हाकडे पाठ फिरवतात, त्यामुळे कमी ऊन अंगावर येते आणि पानांचे तापमान आटोक्यात राहते. संध्याकाळी तीच पाने पुन्हा सरळ झालेली दिसतात. जोवर ती सकाळी टवटवीत आहेत तोवर फारसे बिघडलेले नसते. सकाळीही ती मलूल दिसू लागली की समजावे, पाणी खरोखर संपले.

दरम्यान पानांच्या आत दुसरी घडामोड सुरू असते. पानांवर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. याच दारांतून कर्बवायू आत येतो आणि याच दारांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. माती कोरडी पडू लागल्याची वर्दी मिळताच झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते आणि ही दारे मिटू लागतात. पाणी वाचते, पण कर्बवायू मिळेनासा होतो, म्हणजेच अन्न तयार करण्याचे काम मंदावते. शिवाय वाफ बाहेर पडताना पान थंड राहते, तो गारवाही नाहीसा होतो. तहान भागवायची की भूक, असा हा पेच असून झाड दर दुपारी तो आपल्या परीने सोडवत असते.

यापेक्षाही महत्त्वाची घडामोड डोळ्यांना दिसत नाही. सोयाबीन हे द्विदल पीक. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र झाडाला पुरवतात. एक क्विंटल सोयाबीन पिकवायला झाडाला साधारण सात-आठ किलो नत्र लागते आणि त्यातील मोठा हिस्सा या गाठींतून येतो. सोयाबीनवरील संशोधनात वारंवार असे आढळले आहे, की ओल कमी होऊ लागली म्हणजे पाने कोमेजण्याच्या आधीच या गाठींचे काम मंदावते. शेतकरी बांधावर उभा राहून ‘अजून पीक हिरवे आहे’ असे म्हणत असतो, त्या वेळी जमिनीखाली नुकसानीला प्रारंभ झालेला असतो.

फुलोऱ्याचे गणित थोडे वेगळे आहे. सोयाबीनची निम्म्याहून अधिक फुले चांगल्या पावसातही गळतात. झाड फुले काढतेच मुळी भरमसाट. फुलोरा दोन-तीन आठवडे चालत असल्याने खंड लवकर संपला तर उशिराची फुले आधीच्या फुलांची उणीव काही प्रमाणात भरून काढतात. शेंगांत दाणे भरण्याच्या अवस्थेत मात्र ही सवलत नाही. तेव्हा पाणी तुटले तर तीन दाण्यांच्या शेंगेत दोनच दाणे भरतात आणि तेही चिरमुटलेले. नंतर कितीही पाऊस पडो, तो दाणा फुगत नाही. जूनच्या उत्तरार्धात पेरलेले सोयाबीन ऑगस्टच्या पूर्वार्धात फुलते आणि महिनाअखेर दाण्यात येते. ऑगस्टचा खंड म्हणूनच इतका महाग पडतो.

तहानलेल्या झाडावर रोगही टपलेले असतात. कोरड्या, तापलेल्या जमिनीत खोडकूज करणाऱ्या बुरशीचे फावते. पांढरी माशी वाढली की पिवळा मोझॅक पसरतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये विदर्भ-मराठवाड्यातील शेते पाहता पाहता पिवळी पडली, तेव्हा अनेकांनी सगळा दोष विषाणूला दिला. ऑगस्टमध्ये कमकुवत झालेले झाड त्याला आयतेच सापडले होते, ही बाब चर्चेत आली नाही.

येथे ज्वारीची आठवण होणे साहजिक आहे. ज्वारीच्या पानांवर मेणाचा थर असतो, ती पाने सुरळीसारखी गुंडाळून घेते, तिची मुळे खोलवर जातात आणि मुख्य म्हणजे ती वाढ थांबवून वाट पाहू शकते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ आजही रब्बीत पेरली जाते, ती याच गुणांमुळे. दाणा भरेपर्यंत पाने हिरवी ठेवण्याच्या ज्वारीच्या क्षमतेचा हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने विस्ताराने अभ्यास केला आहे. मराठवाड्याने खरिपात ही सोशिक ज्वारी सोडून घाईचे सोयाबीन घेतले. पैशाच्या हिशेबाने निर्णय चुकला असे म्हणवत नाही; पण पावसाशी असलेला व्यवहार त्यामुळे बदलला, हे मान्य करावे लागेल.

एकच पाऊस, दोन शेते

भोकर परिसरात नाल्याकाठची काळी, भारी जमीन आणि माळावरची मुरमाड, बरड जमीन अनेकदा एका हाकेच्या अंतरावर असतात. ढोबळ हिशेब केला तर फरक लक्षात येईल. पूर्ण वाढलेले सोयाबीन कोरड्या दिवशी साधारण चार ते पाच मिलिमीटर पाणी वापरते. जेमतेम फूटभर खोलीची मुरमाड जमीन पिकाला उपयोगी पडेल असे पाणी साठवते ते सुमारे पस्तीस-चाळीस मिलिमीटर. म्हणजे आठवडाभराची शिदोरी. तीन फूट खोल काळ्या जमिनीत दीडशे मिलिमीटरपर्यंत पाणी साठते. तेथे पीक महिनाभर तग धरू शकते. बियाणे तेच, पाऊस तोच, खतही तेच. तरी एका शेताचा एकवीस दिवसांत निकाल लागतो आणि दुसरे निभावून जाते.

त्यातही एक मेख आहे. जुलैमध्ये पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही. ती खोल जाण्याऐवजी वरच्या थरातच पसरतात. मग ऑगस्टमध्ये खाली ओल असूनही मुळे तेथवर पोहोचलेली नसतात. २०२३ मध्ये भारी जमिनींतील सोयाबीनही अपेक्षेपेक्षा लवकर माना टाकू लागले, त्याचे एक कारण आधीच्या पाण्यात शोधावे लागेल. अतिवृष्टी आणि अवर्षण ही दोन स्वतंत्र संकटे नसून एकाच हंगामाचे दोन अंक आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील एम. के. रॉक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. पाऊस थोड्या दिवसांत दाटीवाटीने पडू लागला, तर त्यामधल्या मोकळ्या जागाही मोठ्या होणारच.

‘सहनशील वाण’ म्हणजे नेमके काय?

दर वर्षी मे महिन्यात बियाण्यांच्या दुकानांत ‘दुष्काळात टिकणारे वाण कोणते?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर देणारा एखादे नाव सांगून मोकळा होतो. प्रत्यक्षात टिकण्याचे मार्ग किमान तीन आहेत आणि ते एकमेकांशी फारसे जुळत नाहीत.

पहिला मार्ग पळ काढण्याचा. ‘जेएस ९५-६०’ सारखे वाण पंच्याऐंशी दिवसांच्या आसपास तयार होते, त्यामुळे पावसाळा लवकर आटोपला तरी ते निसटते. पण खंड मध्येच पडला तर लवकर येणाऱ्या वाणाला सावरायला वेळच उरत नाही; त्याचा फुलोरा थोडक्यात आटोपलेला असतो. याउलट राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले संगम’ हे एकशे पाच दिवसांपर्यंत जाणारे वाण गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात झपाट्याने पसरले. भारी जमिनीत, हाताशी एखादे पाणी असताना ते उत्तम उत्पन्न देते, यात वाद नाही. तेच वाण माळाच्या जमिनीवर पेरणे म्हणजे आठवड्याची शिदोरी घेऊन पंधरवड्याच्या प्रवासाला निघण्यासारखे आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची ‘एमएयूएस-७१’, ‘एमएयूएस-१५८’, ‘एमएयूएस-६१२’ ही वाणे या दोन टोकांच्या मध्ये बसतात आणि ती याच विभागाच्या हवामानात निवडली गेली आहेत. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने ‘एनआरसी १३६’ हे वाण अवर्षणाला तोंड देणारे म्हणून दिले असून त्याची शिफारस मध्य प्रदेशासाठी आहे.

दुसरा मार्ग पाणी जपून वापरण्याचा, आणि संशोधनाच्या दृष्टीने सर्वांत रंजक तोच आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील थॉमस कार्टर यांना नॉर्थ कॅरोलायनात मूळच्या जपानी सोयाबीनचा एक वाण आढळला. इतर वाण कोमेजले तरी तो उशिरापर्यंत ताठ राहत असे. पुढील संशोधनात उलगडा झाला तो असा. दुपारी हवा फार कोरडी झाली की हा वाण पाण्याचा खर्च एका मर्यादेपलीकडे वाढू देत नाही. अशा प्रकारे वाचलेली ओल पुढे दाणे भरताना कामी येते. या प्रयत्नांतून २०१६ मध्ये ‘एन-८००२’ हे वाण तिकडे प्रसारित झाले. मात्र काटकसरीची किंमत मोजावी लागते. संगणकीय प्रारूपांवर तपासले असता हा गुण कोरड्या वर्षी फायद्याचा, तर भरपूर पावसाच्या वर्षी किंचित तोट्याचा ठरला. त्याउलट ओल घटली तरी नत्राच्या गाठी चालू ठेवण्याचा गुण बहुतेक सर्व वर्षांत लाभदायक दिसला. भोकरसारख्या, एका वर्षात दोन्ही ऋतू दाखवणाऱ्या तालुक्यासाठी हा दुसरा गुण अधिक मोलाचा म्हणावा लागेल. त्याची चर्चा मात्र बियाण्यांच्या जाहिरातीत कधी होत नाही, कारण गाठी पिशवीवर छापता येत नाहीत.

तिसरा मार्ग तहान सोसण्याचा. तेथे जनुकांची भाषा सुरू होते. अर्जेंटिनात रॅकेल चॅन यांच्या गटाने सूर्यफुलातील एक जनुक सोयाबीन आणि गव्हात आणले. ‘एचबी-४’ नावाच्या या सोयाबीनला तेथे २०१५ मध्ये मान्यता मिळाली, पण मोठा खरेदीदार असलेल्या चीनने आयातीला २०२२ मध्ये होकार देईपर्यंत त्याचा प्रसार अडून राहिला. भारतात जनुकीय बदल केलेले सोयाबीन पेरण्यास परवानगी नाही. गंमत अशी, की ऑगस्ट २०२१ मध्ये कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून अशाच सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास केंद्राने मुभा दिली होती. पेरायला नको, पण खाऊ घालायला चालेल, असा तो न्याय. परक्या प्राण्याचे वा वनस्पतीचे जनुक न घेता झाडाच्या स्वतःच्याच जनुकात दुरुस्ती करण्याचे तंत्र वेगळे मानले जाते आणि त्या वाटेवर देशाने पाऊल टाकले आहे. ४ मे २०२५ रोजी जाहीर झालेल्या दोन भातवाणांपैकी ‘पुसा डीएसटी राइस-१’ हा अवर्षण आणि क्षार सहन करण्यासाठी घडवलेला आहे. सोयाबीनची पाळी केव्हा येईल, हे त्यावर किती पैसा आणि किती वर्षे खर्च होतात यावर अवलंबून राहील.

हा प्रश्न केवळ सोयाबीनचा नाही. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या सातगाव पठारावर खरिपात पावसाच्या भरवशावर बटाटा घेतला जातो. बटाट्याची मुळे सोयाबीनपेक्षाही उथळ, आणि पोसण्याच्या काळात ओल तुटली की बटाटा लहान व वेडावाकडा होतो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९७२ मध्ये पठारी भागासाठी दिलेल्या लवकर येणाऱ्या वाणाचे नाव ‘कुफरी लवकर’ असे ठेवले होते; ते पळ काढणारे वाण. त्याच संस्थेची अलीकडची ‘कुफरी थार’ मालिका कमी पाण्यात पोसणारी आहे. घाईपासून काटकसरीपर्यंतचा हा प्रवास बटाट्याने पन्नास वर्षांत केला. मराठवाड्यातील सोयाबीन अजून घाईच्याच टप्प्यावर आहे.

बियाण्याबाहेरचा अर्धा भाग

बियाणे हा उत्तराचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा मशागतीत आहे आणि तो आजच उपलब्ध आहे. रुंद वरंबा-सरी पद्धतीत सोयाबीनच्या तीन-चार ओळी रुंद गादीवर येतात आणि दोन्ही बाजूंनी सऱ्या राहतात. जुलैमध्ये जादा पाणी सरीतून निघून जाते, त्यामुळे मुळे गुदमरत नाहीत. ऑगस्टमध्ये सरीत मुरलेली ओल गादीखाली टिकून राहते. अतिवृष्टी आणि खंड या दोघांवर एकच उपाय चालावा, असे शेतीत क्वचितच घडते. काळ्या जमिनींसाठी ‘इक्रिसॅट’ने ही पद्धत १९७० च्या दशकापासून विकसित केली आणि परभणीचे विद्यापीठ तिचा सातत्याने पुरस्कार करीत आले आहे.

मग ती सर्वत्र का दिसत नाही? पेरणीचा वापसा येतो तो चार दिवसांचा. त्या चार दिवसांत गावातील प्रत्येकाला ट्रॅक्टर हवा असतो. वरंबा पाडणारे यंत्र गावात एखादेच, तेही ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याच्या सोयीने फिरणारे. दोन एकरांचा धनी रांगेत थांबला तर वापसा निघून जातो. मग तो मिळेल त्या पाभरीने पेरून मोकळा होतो. शासनाच्या पोकरा प्रकल्पातून, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी योजनेतून, २०१८ पासून या यंत्रांना आणि शेततळ्यांना मदत मिळाली. पण यंत्र असणे वेगळे आणि योग्य दिवशी आपल्या शेतात असणे वेगळे.

सोयाबीनच्या चार ओळींमागे दोन ओळी तुरीच्या घेण्याची शिफारसही जुनीच आहे. बदनापूरच्या केंद्राचे ‘बीडीएन-७११’ हे पाच महिन्यांत येणारे तुरीचे वाण कोरडवाहूसाठी सोयीचे आहे. सोयाबीन फसले तरी तुरीची मुळे खालची ओल गाठतात. येथे आडवे येते ते कापणीयंत्र. सलग सोयाबीनमध्ये ते सहज चालते, मध्ये तूर असली की मजूर शोधावे लागतात. खंडाच्या काळात कोळपणी करून भेगा बुजवणे, पोटॅशियम नायट्रेटची फवारणी, शक्य असेल तेथे शेततळ्यातून एखादे संरक्षित पाणी, हे उपाय विद्यापीठाच्या प्रत्येक पत्रकात असतात. कोळपणीचे महत्त्व जुन्या पिढीला सांगावे लागत नसे. तणनाशकाच्या फवारणीने कोळपे गोठ्यात जाऊन पडले आणि त्याबरोबर भेगा बुजवण्याचे कामही थांबले. तालुक्यात सुधा प्रकल्प असला तरी बहुतांश खरीप आजही कोरडवाहूच आहे, हे लक्षात घेतले तर या साध्या गोष्टींचे वजन कळते.

पेरणीच्या घाईचाही उल्लेख केला पाहिजे. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. शेजाऱ्याची तिफण चालू झाली की तो सल्ला पाळणे कठीण जाते. त्यात घरचे बियाणे मळणीयंत्रात फुटलेले असेल तर उगवण कमी होते आणि दुबार पेरणीने फुलोरा आणखी पुढे, नेमका खंडाच्या तोंडी जातो.

विम्याचा पाऊस आणि शेतातला पाऊस

या साऱ्याचा आर्थिक शेवट पीकविम्यापाशी होतो. खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीकविमा योजना लागू झाली. हंगामाच्या मध्येच अपेक्षित उत्पन्न निम्म्याहून खाली जाण्याची चिन्हे दिसली तर भरपाईच्या २५ टक्के रक्कम आगाऊ देण्याची तरतूद त्यात होती. त्या ऑगस्टमध्ये ‘एकवीस दिवसांचा खंड’ हा शब्द गावोगावी ऐकू आला तो त्यामुळे. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार अडीच मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला की तो ‘पावसाचा दिवस’. महसूल मंडळातील पर्जन्यमापकावर विसाव्या दिवशी तीन मिलिमीटरची सर पडली, तर कागदावरचा खंड तुटतो. शेतातले पीक तेवढे पाणी एका दिवसातही पुरे पडू देत नाही. आणि माळावरच्या शेताचा निकाल तर त्याआधी दहा दिवसच लागलेला असतो.

ही तरतूद अपुरी होती, पण खंड ही वेगळी आपत्ती आहे हे ती निदान मान्य करीत होती. २०२५ मध्ये राज्य सरकारने योजनेत फेरबदल केले. एक रुपयाची योजना बंद होऊन खरिपासाठी विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याकडे आला. हंगामातील प्रतिकूल परिस्थितीसह चार अतिरिक्त जोखमी वगळण्यात आल्या आणि भरपाई केवळ पीककापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरू लागली. बोगस अर्ज आणि वाढता खर्च ही सरकारची कारणे निराधार नव्हती. परिणाम असा, की त्या हंगामात अर्जांची संख्या मोठ्या प्रमाणावर घटली. आणि त्याच खरिपात नांदेडमध्ये खंडाऐवजी पुराने थैमान घातले. ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली, सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात काढणीला आलेले सोयाबीन शेतातच कुजले. केंद्राने २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला होता. भिजलेल्या, डागी मालाला त्याचा उपयोग नव्हता.

कापणी प्रयोगावर आधारलेल्या भरपाईत आणखी एक अडचण आहे. उंबरठा उत्पन्न ठरते ते मागील सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून. वाईट वर्षे दोनच असतील असे त्यात गृहीत धरलेले आहे. सातांत तीन-चार हंगाम पाण्याने किंवा पाण्यावाचून बिघडले, तर उंबरठाच खाली येतो आणि पुढचे नुकसान हिशेबात नुकसान ठरत नाही. शिवाय सरासरी निघते ती महसूल मंडळाची. नाल्याकाठच्या काळ्या रानातील कापणी प्रयोग मंडळाचा आकडा सावरतो, त्या आकड्याखाली माळावरचे शेतकरी झाकले जातात.

राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आणि ग्रामपंचायत पातळीपर्यंत असे जाळे नेण्याचे काम हाती घेण्यात आले. ही केंद्रे पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात. मातीतील ओल मोजण्याची सोय त्यांत नाही.